चारवरून एकवर

बाळाने पाय झाडला. दहा दिवसांचं बाळ, त्याच्या पायात जोर तो किती असणार. पण ती इवलीशी टाच माझ्या पोटावर, बेंबीच्या जरा उजवीकडे, शर्टाखाली कशावर तरी आपटली आणि टक् झालं. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी खाली पाहिलं. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नव्हती, फुगवटा नाही, काही नाही. डेलिया झोपेतच ओठ चोखत होती आणि तिची टाच त्याच जागी टेकून राहिली होती. पिस्तूल माझ्या कमरेला होतं. खाली गाडीत, सीटखालच्या पोलादी पेटीत, कुलुपात असायला हवं होतं ते माझ्या कमरेला होतं, आणि त्याच्यावर पाय ठेवून माझी नात झोपली होती.

समोर सोफ्यावर मार्ला, माझी मुलगी, पाय वर घेऊन बसली होती. स्वयंपाकघरात माझी बायको नोरीन बीन्स शिजवत होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. बाळंतपणापासून ती इथेच आहे, फोर्ट वर्थला, लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. मी तिकडे विचिटा फॉल्सला एकटा डब्यातलं सूप गरम करून खातोय. जावई टेओ कामावर गेला होता. दुपारचं ऊन गालिच्यावर आलं होतं आणि मी झुलत्या खुर्चीत राजासारखा बसलो होतो. मार्लाने मला सातव्या महिन्यात फोन केला होता. वाद नाही, आवाज चढवणं नाही. म्हणाली, "डॅडी, तुझ्या घरी काय करायचं ते तू कर. मी बोलणार नाही. पण माझ्या घरात येशील, बाळाला मांडीवर घेशील, तेव्हा कमरेला काही नको. एवढंच." एवढंच! मी तीन आठवडे फुगून बसलो. हिला सायकल मी शिकवली, गाडी मी शिकवली, आणि ही मला शिकवणार? शेवटी नोरीन म्हणाली, "तुला नात हवी की रुसवा हवा ते ठरव बाबा. दोन्ही सांभाळायला मला वेळ नाही." मग मी फोन केला आणि शब्द दिला. तो मोडायचं माझ्या मनातही नव्हतं, पण हे आता कुणाला पटणार? मी विसरलो. बारा वर्षांत ते काढून ठेवायला एकदाही न विसरलेला माणूस आज विसरला, कारण आज दुखलं नाही.

या दुखण्याचं सांगायलाच हवं. आम्हा पिस्तूल बाळगणाऱ्यांत कमर म्हणजे घड्याळ. बेंबी बारा, उजवा कुल्हा तीन, आणि त्याच्या जरा मागे चार. मी बारा वर्षं चारला बाळगलं. उभ्या माणसाला चार झकास. जाकीट टाकलं की कुणाला पत्ता लागत नाही. पण माझा धंदा बसण्याचा आहे. हॉटेलांच्या, फुलवाल्यांच्या, खाटकांच्या बिघडलेल्या कोल्ड रूम दुरुस्त करत मी रोज दीडदोनशे मैल पिकअप हाकतो. सीटची पाठ मागून दाबणार, सीटच्या पट्ट्याचं बक्कल बाजूने दाबणार, आणि मधे ते धूड. वीस मैलांत कुल्हा अवघडतो, चाळीस मैलांत कळ मांडीत उतरते, शंभर मैलांनंतर उतरलो की मी माझ्या बापासारखा चालतो. काय काय नाही करून पाहिलं! एका कुल्ह्यावर तिरका बसलो. काढून मांडीखाली ठेवलं, तर ब्रेक दाबल्याबरोबर ते घसरून पॅडलपाशी गेलं आणि माझ्या अंगाचं पाणी झालं. दाराच्या खणात ठेवलं, तर एकदा तसाच उतरून दुकानात शिरलो आणि रांगेत उभा असताना आठवलं. पळत परत आलो तेव्हा गाडी उघडी होती. खांद्याला लटकवून पाहिलं, घोट्याला बांधून पाहिलं. चामड्याची, कापडाची, प्लॅस्टिकची अशी म्यानं घेता घेता कपाटात एक खोका भरला. नोरीन त्या खोक्याला 'माझ्या सवती' म्हणते. शेवटी दरवेळी मी चारवर परत आलो. दुखतं तर दुखू दे, म्हटलं. निदान आहे हे कळतं तरी.

आता वाटतं, ते दुखणं हाच माझा पहारेकरी होता. बँकेत शिरताना, टपाल कचेरीच्या पायऱ्या चढताना, दंतवैद्याच्या खुर्चीत मागे रेलताना कमर ओरडायची: मी आहे, मला काढून ठेव. मी मुकाट परत गाडीकडे जायचो. मग गेल्या आठवड्यात ओडेलने पहारेकऱ्याला रजा दिली. ओडेल म्हणजे आमच्या डोनटच्या दुकानातला. सकाळी तिथे आम्ही पाचसहा म्हातारे कॉफी पीत बसतो, सगळ्यांच्याच कमरेला काही ना काही, आणि गप्पा गुडघ्यांच्या. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. "लेका गार्लंड," तो म्हणाला, "तू खुर्चीत बसत नाहीस, खुर्चीशी कुस्ती खेळतोस. बारा वर्षं बघतोय. कोण जिंकतंय?"

"खुर्ची," मी म्हणालो.

"चार सोड. एकवर ये."

"आणि हे पोट काय नोरीनकडे ठेवू?"

"अरे, पोटासाठीच तर म्यानाखाली फोमची पाचर लावलीय. हे बघ." त्याने तिथल्या तिथे शर्ट वर केला; काउंटरवरची बाई म्हणाली, "ओडेल, लोक खातायत रे!" त्याने शर्ट खाली केला. "गाडीत बसलास की सीटचा पट्टा बरोबर त्याच्या खालून जातो. टोचत नाही, दिसत नाही. तुला वाटेल, घरीच विसरून आलो."

आज सकाळी तसलंच नवं म्यान एकला लावून मी घरातून निघालो तो वेगळाच माणूस. दोनशे सत्त्याऐंशी नंबरचा हमरस्ता, दोन्हीकडे पिवळं गवत, आणि मी सीटमध्ये दोन्ही कुल्ह्यांवर सारखा बसलेला. हेन्रिएटा गेलं, काही नाही. बोवीला थांबून नोरीनच्या आवडीचा लिंबाचा केक घेतला, परत बसलो, काही नाही. मी चक्क गायला लागलो. डेकाटरजवळ गर्दीत अडकलो तर शेजारच्या गाडीतली बाई माझ्याकडे बघून हसली. किती वर्षांनी मी गाडीत मोकळा श्वास घेत होतो! सीट मागे केली होती, कोपर खिडकीत. आणि इथे पोचलो तेव्हा एका हातात केक, दुसऱ्या हातात नोरीनची कपड्यांची पिशवी, डोक्यात फक्त नात. सीटखालच्या पेटीकडे मी पाहिलंच नाही. जिना चढताना धाप लागली, ती सुखाची वाटली.

"गार्लंड, इकडे बघ," नोरीन ओल्या हातात फोन घेऊन दारात उभी होती. "फोटो काढते. हस की जरा."

मी हसलो. कसा हसलो मला माहीत नाही. डावा हात बाळाच्या मानेखाली होता, उजवा मोकळा होता, तो मी नेऊन तिच्या टाचेवर ठेवला. टाच आणि ते, दोन्ही माझ्या एका तळहाताखाली आले. म्यान कडक होतं, चाप झाकलेला होता, काही होणार नव्हतं. हे मी कुणालाही पटवून देऊ शकतो, रविवारी चर्चच्या आवारात नव्याने पिस्तूल घेतलेल्यांना मीच समजावतो. पण एक गोष्ट त्यांना आपण हसत हसत सांगतो आणि पुढे जातो: एकच्या जागी बाळगलं आणि माणूस बसला, की नळी त्याच्या मांडीकडे बघते. माझ्या मांडीवर कोण होतं? मी सावकाश, इंचाइंचाने, बाळाचं अंग छातीकडे वर सरकवायला लागलो, आणि तिने तोंड वेडंवाकडं केलं तसा थांबलो.

खरं म्हणजे मला कधीच काही झालेलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बारा वर्षांपूर्वी हेन्रिएटाच्या अलीकडे जुलैच्या भर दुपारी माझा टायर फुटला. पाठ धरलेली, मला वाकता येईना. एक जुनाट ट्रक मागे येऊन थांबला, त्यातून दोन पोरं उतरली. दंडावर गोंदलेलं, उघडीबंब, उन्हाने रापलेली. माझ्या हातात चाकाचे नट सोडवायचा पाना होता, तो मी पाठीमागे घट्ट धरला. त्यांतला एक जण म्हणाला, "साहेब, जरा बाजूला सावलीत उभे राहा, आम्ही करतो." मी हललो नाही. त्यांनी जॅक लावला, सुटं चाक काढलं, आणि मग त्याने हात पुढे केला. "तो पाना द्या ना साहेब." मला तो सोडवेना. बोटं उघडेचनात. पोरगं तसंच हात पुढे करून उभं. त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला, आणि तो हलक्या आवाजात म्हणाला, "आम्ही तुमचं काही नेणार नाही." मी पाना दिला. दहा मिनिटांत त्यांनी चाक बसवलं, मला त्यांच्या पेटीतली बर्फातली पाण्याची बाटली दिली आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात मी पिस्तूल घेतलं. डोनटच्या दुकानात मी सांगितलं की दोन गुंड लुटायला आले होते, पाना बघून पळाले. घरी नोरीनलाही तेच सांगितलं, मार्लालाही. मार्ला तेव्हा कॉलेजात होती, माझ्या गळ्यात पडून रडली. ते रडणं मी बारा वर्षं पचवलं आहे. त्या पोराचा उतरलेला चेहरा मात्र पचला नाही.

तेव्हापासून मी दाराकडे तोंड करून बसतो. हॉटेलात कोपऱ्यातली जागा माझी. मार्लाला पदवी मिळाली त्या दिवशीच्या जेवणाचा फोटो तिच्या भिंतीवर आहे. नोरीन, मार्ला, मार्लाच्या दोन मैत्रिणी, सगळ्या कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मी भलतीकडे, दाराकडे. त्या रात्री ती मला टेओबद्दल सांगत होती म्हणे, पहिल्यांदाच. मी म्हणे 'छान, छान' म्हणालो. मला आठवत नाही. मला आठवतो तो एक लाल टोपीवाला, दोनदा आत-बाहेर करणारा, आणि त्याला फक्त त्याची छत्री सापडत नव्हती. आणि आज? आज माझी पाठ दाराकडे होती. आल्या आल्या मी या खुर्चीत पडलो होतो आणि दार कुठे आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

"बघ ना मॉम," मार्ला नोरीनला म्हणाली. "कसा बसलाय."

"कोण?"

"डॅडी गं. आल्यापासून हललासुद्धा नाही. बूड टेकवून, मागे रेलून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला वाटलं होतं तू काहीतरी पळवाट काढशील. खरंच वाटलं होतं. टेओशी मी पैज लावली होती, लाज वाटते आता. तू आत आलास तेव्हा मी तुझ्याकडे नीट बघत होते. तुझं ते वाकडं बसणं नाही, कूस बदलणं नाही. काढून ठेवलंस म्हणून केवढा मोकळा झालास बघ. मला असा डॅडी आठवतच नाही." तिने डोळे पुसले. "थँक यू."

काय करावं? मी मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं मनापासून थँक यू म्हटलं नसेल, आणि त्यातला एक शब्दही माझा नव्हता. पळवाट होती, अगदी सोपी होती. बाळ तिच्याकडे द्यायचं, गाडीत काहीतरी राहिलं म्हणायचं, खाली जाऊन पेटीत ठेवायचं, दोन मिनिटांत वर. मग तिचं थँक यू खरं झालं असतं. कुणाला कधीच कळलं नसतं. तोंड उघडलं तर शब्दही आपोआप बाहेर आले. "अरे हो, तो केक. केक गाडीतच राहिला वाटतं."

"हा काय टेबलावर!" नोरीन स्वयंपाकघरातून ओरडली. "आल्या आल्या माझ्या हातात दिलास की. मेला पत्ता नाही कशाचा."

मार्ला हसली. मलाही हसू यायला हवं होतं. पाना मागणाऱ्या त्या पोरांबद्दल मी एकदा असंच पटकन, न अडखळता बोलून गेलो होतो, आणि ते बारा वर्षं टिकलं. हेही टिकेल. दरवेळी मी या घरात येईन, दरवेळी ती म्हणेल, माझ्या डॅडीने माझ्यासाठी सोडलं. मला एकदम त्या खुर्चीची भीती वाटली, तिच्या मऊपणाची, इतक्या आरामात मी इतका वेळ बसू शकलो याची.

"मार्ला, बाळ घे."

"झोपू दे की. आत्ता डोळा लागलाय तिचा."

"घे. माझ्याजवळ आहे."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातलं काहीतरी निघून गेलं. ती उठली. आरडाओरडा काही नाही. ती शस्त्रक्रियेच्या खोलीतली नर्स आहे, घाई करायची नसते तेव्हा ती घाई करत नाही. जवळ येऊन, वाकायच्या आधी, हळू आवाजात तिने विचारलं, "कुठे?"

"एकला."

"चारला नाही?"

"नवीन आहे. टोचत नाही."

ती माझ्या पोटाकडे बघत होती, आणि मग डेलियाच्या टाचेकडे. स्वयंपाकघरातून नोरीन म्हणाली, "एकला काय आहे? एक तर कधीच वाजून गेला. जेवायला बसायचं का?" मार्लाने एक हात बाळाच्या डोक्याखाली घातला, दुसरा पायांखाली, आणि तिला सरळ वर उचललं. मग ती दोन पावलं मागे सरली. माझ्यापासून माझी मुलगी मागे सरली.

"मी विसरलो," मी म्हणालो. "शप्पथ सांगतो. मुद्दाम नाही. दुखलंच नाही, म्हणून लक्षात..."

"जा डॅडी. ठेवून ये."

तीन मजले उतरलो. पिकअपमध्ये बसून दार लावून घेतलं, म्यानासकट ते काढलं, पेटीत घातलं, कुलूप लावलं, कुलूप ओढून पाहिलं. मग किल्ली गाडीला लावली. तशी गरज नव्हती, पण लावली. दोन तासांत मी घरी पोचलो असतो. नोरीनने रात्री फोन केला असता, मी म्हटलं असतं, बरं नाही वाटत. पोट एकदम उघडं पडल्यासारखं झालं होतं, गार लागत होतं. सीटमध्ये मी पुन्हा या कुल्ह्यावरून त्या कुल्ह्यावर होत होतो, आता तर टोचायला काहीच नव्हतं. समोरच्या काचेत तिसऱ्या मजल्याची खिडकी दिसत होती. तिथे कुणी उभं नव्हतं. मला वाटलं होतं, असेल.

वर गेलो तर दार आतून बंद होतं. मी वाजवलं. साखळी काढल्याचा आवाज आला आणि मार्ला बाहेर जिन्यात आली, एकटी. दार तिने पाठीमागे ओढून घेतलं.

"हात वर कर."

मी हसायला लागलो. ती हसली नाही. मी हात वर केले. फुटबॉलच्या मैदानावर शिरताना तपासतात तसं तिने मला तपासलं, काखेपासून खाली, बरगड्यांवरून, पाठीवरून, पट्ट्याच्या कडेने बोटं फिरवत. मग ती खाली वाकायला लागली. तिला टाके होते. भिंतीला धरून, दात आवळून ती गुडघ्यावर आली.

"राहू दे गं. घोट्याला नाही काही."

"उभा राहा नीट."

तिने दोन्ही घोटे दाबून पाहिले. उठताना मी हात दिला, तो तिने घेतला नाही. भिंतीला धरूनच उठली. आणि मग माझ्या मागे जाऊन उजव्या बाजूला, कुल्ह्याच्या वर, चारच्या जागी, तिची बोटं थांबली. शर्टावरूनच तिने चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"हे काय आहे?"

"काही नाही. तिथे काही नाही आता."

तिने शर्ट वर केला. तिथे काय आहे ते मी आरशातही कधी पाहिलेलं नाही, नोरीन सांगते, खोगीर लागून घोड्याच्या पाठीला पडतो तसा काळा घट्टा आहे, तळहाताएवढा. मार्लाने त्याच्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. पेशंटला दाबून बघतात तसा.

"दुखतं?"

"वरून काही लागत नाही," मी म्हणालो. "आतून दुखतं."

अंगठा तिथेच होता. तिचा श्वास माझ्या पाठीला लागत होता. मला वाटलं ती आता रडेल, किंवा माझ्या गळ्यात पडेल. त्या दोन पोरांचं सांगून टाकावं, अगदी जिभेवर आलं होतं. तिने शर्ट खाली केला, नीट पँटमध्ये खोचला, लहान मुलाचा खोचतात तसा.

"आज बाळ तुझ्याकडे देणार नाही," ती म्हणाली. "पुढच्या वेळचं मला आत्ता माहीत नाही. विचारू नकोस."

"बरं."

"आत ये. जेवण गार होतंय."

नोरीनने तीन ताटल्या मांडल्या होत्या. तिला सगळं कळलं होतं. तिने माझ्यासमोर बीन्स वाढले, मक्याचा पाव ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्ची लाकडाची होती, सरळ पाठीची. मी पहिला घास घेतला आणि आतल्या खोलीत डेलिया रडायला लागली. तीक्ष्ण, संतापलेलं रडणं, घरभर. मी अर्धा उठलो. मार्लाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी बसलो. ती आत गेली, तिच्यामागे नोरीन गेली, आणि दार अर्धवट लोटलं गेलं. रस्त्यात पोलिसाने गाडी थांबवली की आपण दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्याची वाट बघतो, तसे मी माझे हात टेबलावर ठेवले, दारातून दिसतील असे, आणि डेलिया रडायची थांबेपर्यंत ते हलवले नाहीत.